निवासी शाळेचा कार्बन: खतावणीतून काढावा की मीटरवरून?

शाळेमुळे हवेत किती कार्बन जातो याचा हिशेब मांडताना तो तीन गटांत विभागतात: स्कोप एक म्हणजे आपल्याच जागेतलं थेट उत्सर्जन, दोन म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं, तीन म्हणजे खरेदी-प्रवासासारखं बाकीचं. ते इथे पुन्हा उगाळत नाही. खरी अडचण आकडे आणायचे कुठून, ही असते. एक वाट खतावणीतून जाते: प्रत्येक खात्यावरचा खर्च घ्या, त्याच्या उत्सर्जन गुणकाने, म्हणजे त्या खर्चात रुपयामागे किती कार्बन या आकड्याने, गुणा. दुसरी वाट विजेचं मीटर, डिझेलची टाकी आणि सिलिंडरची नोंदवही यांतून. आमच्या हॉस्टेलसाठी मी दोन्ही करून पाहिल्या.

खर्चाची वाट सोपी आहे, यात वाद नाही. हिशेबनीसांनी खतावणी दिली आणि चार दिवसांत आकडा तयार. गाद्या, वह्या, गणवेश यांची वजनं कोण करत बसणार?

बिनसलं ते दुसऱ्या वर्षी. गरम पाण्याचे पाइप आम्ही नीट गुंडाळून घेतले, आंघोळीच्या वेळा जवळ आणल्या. बॉयलरला डिझेल कमी लागू लागलं, हे टाकी भरणाऱ्यालाही कळत होतं. नेमका त्याच वर्षी डिझेलचा भाव चढला. खर्च वाढला, म्हणून कागदावर कार्बनही वाढला! तक्ता फळ्यावर लावला तर एका मुलीने विचारलं, "सर, मग आम्ही थंड पाण्याने हात धुतले ते कशासाठी?" काय सांगणार? महागाईची वजावट करता येते, मीही करून पाहिली. पण डिझेलचा भाव सर्वसाधारण महागाईच्या चालीने चालत नाही.

लिटरला भाव कळत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, स्वस्त असो वा महाग. एसीतल्या आर-४१०ए वायूची गंमत तर आणखी. एक किलो गळला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या घरात, म्हणजे पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. खतावणीत ते 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून निघून जातं.

मीटरच्या वाटेला कष्ट आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी वाचन घ्यायलाच हवं. आमचे पहिले काही महिने भोकाभोकांचेच होते. शिवाय माणशी कार्बन काढताना एकूण आकडा भागायचा तो पटावरच्या संख्येने नाही, मुक्कामाच्या रात्रींनी. नाहीतर सुट्टीत रिकामं पडलेलं हॉस्टेल बचत म्हणून मिरवतं.

मुलांचा घरी जाण्यायेण्याचा प्रवास दोन्हीकडून निसटतो, कारण खर्च पालकांचा. रजेच्या अर्जावर 'कशाने, किती किलोमीटर' असे दोन रकाने वाढवले, भागलं.

नुसता एकदा अंदाज हवा असेल, माणूसबळ नसेल, तर खतावणी वाईट नाही. खरेदीपुरती मी अजूनही तीच वापरतो. पण दरवर्षी कमी करून दाखवायचं असेल तर मी मीटरकडे झुकेन. आणि स्वतंत्र मीटर एकच परवडणार असेल, तर ते कपडे धुण्याच्या खोलीला लावा. आमचं तिथलं आणि स्वयंपाकघराचं वाचन एकत्र येतं, दोष कुणाचा यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात.