ड्रॅगन हवाय, पण कुठला? 'एरागॉन' की 'सेराफिना'

मे महिना उजाडला की चरईतल्या आमच्या इमारतीत माझं दार वाजतं. "काकू, ड्रॅगनचं काही आहे?" विचारणारा सातवी-आठवीतला असतो. मागे त्याची आई उभी असते आणि तिची चिंता निराळी असते, "एवढं जाडजूड वाचेल का हो हा?" मी स्वतः ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या पुस्तकांवर वाढले. संस्था १८९३ची, तिथे राक्षस, वेताळ, मायावी नगऱ्या भरपूर मिळाल्या. ड्रॅगन मात्र मला चाळिशीत भेटला, तोही भाचीच्या दप्तरातून.

तेव्हापासून माझ्याकडे दोन पुस्तकं कायम फिरतीवर असतात. दोन्ही इंग्रजी, दोन्हींत ड्रॅगन, आणि तरी एक आवडलेल्याला दुसरं आवडेलच असं अजिबात नाही.

ख्रिस्तोफर पाओलिनीने 'एरागॉन' लिहायला घेतलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. २००२मध्ये घरच्यांनीच ते छापलं. आई-वडील आणि हा, गावोगावी शाळा-वाचनालयांत जाऊन विकायचे. पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने ते घेतलं. लिहिण्याची खुमखुमी असलेल्या मुलाला ही हकीकत आधी सांगा, निम्मं काम होतं. गोष्ट सरळ आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या एरागॉनला शिकारीच्या वेळी जंगलात निळा गुळगुळीत दगड सापडतो. हा विकून मटण तरी मिळेल, एवढाच त्याचा हिशोब. दगड निघतो अंडं. पिल्लाला हात लावल्यावर तळव्यावर चंदेरी खूण उमटते, आणि पुढे दुष्ट राजा, म्हातारा गुरू, तलवार, पळापळ. हे सगळं तुम्ही-आम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असतं. तेरा वर्षांच्या पोराने नसतं, आणि पुस्तक त्याच्यासाठी आहे.

यातली मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे जादूचा हिशोब. नुसता मंत्र म्हटला आणि झालं, असं नाही. जे काम हाताने करायला जेवढी ताकद लागेल, तेवढीच मंत्राने करतानाही अंगातून जाते. एरागॉन पहिल्यांदा 'ब्रिसिंगर' म्हणजे 'अग्नी' असं ओरडतो, बाण पेटतो, शत्रू पडतात आणि तो स्वतः कोसळायच्या बेताला येतो. विज्ञानात रस असलेली मुलं इथे कान टवकारतात. मंत्र ज्या प्राचीन भाषेत आहेत, त्या भाषेत खोटं बोलता येत नाही, हाही नियम आहे, आणि तो कसा वळवून वापरायचा यावर आमच्या जिन्यात बऱ्याच चर्चा झडल्या आहेत.

खटकतं ते लांबीत. मधला प्रवास रेंगाळतो. घोडा, शेकोटी, तलवारीचा सराव, पुन्हा घोडा. आर्या ही महत्त्वाची व्यक्ती पहिल्या भागात बराच काळ बेशुद्धच पडून आहे, त्यावर भाचीने जे नाक मुरडलं ते अजून सरळ झालेलं नाही. आणि एका गावात प्रेतांचा ढीग दिसतो, त्यात तान्हं मूलही आहे. ते पान लहान किंवा हळव्या मुलाला जड जाईल. आधी स्वतः वाचून बघा.

रेचल हार्टमनचं 'सेराफिना' २०१२चं. यात ड्रॅगनवर बसून उडायला मिळेल या आशेने जो येईल तो चाळीस पानांत पुस्तक मिटेल. इथले ड्रॅगन माणसाचं रूप घेऊन शहरात वावरतात. गणितात, तर्कात तरबेज, पण भावना म्हणजे त्यांना संसर्ग वाटतो. माणसांशी तह होऊन चाळीस वर्षं होत आली आहेत, तरी रस्त्यावर फिरताना त्यांना घंटी बांधावी लागते. विद्वानांना तेवढी सूट. अशात एका राजपुत्राचा मुंडकं नसलेला मृतदेह सापडतो आणि सगळ्यांचा संशय ड्रॅगनांवर जातो. सेराफिना दरबारात संगीताचं काम बघते आणि स्वतःचं एक गुपित सांभाळते. ते मी सांगणार नाही, मागच्या कव्हरवरचा मजकूरही मुलांना वाचू देऊ नका.

तिचा शिक्षक ऑर्मा हा ड्रॅगन मला दोन्ही पुस्तकांतला सगळ्यात जिवंत माणूस वाटतो. माणूस म्हटलं, बघा. त्याला माया करता येते, पण तिला काय म्हणायचं ते त्याला कळत नाही.

अडचण सुरुवातीला आहे. पहिली शंभर पानं संतांची नावं, वाद्यं, दरबारी मानपान यांनी गच्च भरलेली. इंग्रजी वाक्यंही 'एरागॉन'पेक्षा अवघड. भाचीने ती ऐरोली-ठाणे लोकलमध्ये क्लासला जाता-येता पार केली आणि मग रात्री दोनपर्यंत जागली. खालच्या मजल्यावरच्या मुलाने, जो दिवसाला साठ पानं वाचतो, तेविसाव्या पानावर खूण ठेवून परत दिलं.

म्हणून मी आता वय विचारत नाही, अडतोस कुठे ते विचारते. शब्दांना अडणारा पण जाडीला न घाबरणारा असेल तर 'एरागॉन'. कंटाळा लवकर येतो पण माणसांच्या मनातलं, भांडणातलं, खोटेपणातलं कळतं, अशाला 'सेराफिना'. दोन्ही जमत नसेल तर टुई सदरलँडची 'विंग्ज ऑफ फायर' मालिका, ज्यात नायकच ड्रॅगन आहेत. पाचवी-सहावीला चालते, रक्तपात मात्र तिथेही आहे.

खर्चाचंही बघा. 'एरागॉन'ची मूळ मालिका २०११पर्यंत चार भागांची, शेवटचा भाग उशाला घेता येईल इतका जाड. 'सेराफिना'ची कथा २०१५च्या दुसऱ्या भागात संपते. फुटपाथवरची स्वस्त प्रत घेऊ नका. मी घेतली होती, त्यात ऐन लढाईत सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब.

आणखी एक. दुकानात याच फळीवर रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग' दिसेल, ड्रॅगनचंच. २०२३चं हे पुस्तक प्रौढांसाठी आहे, शृंगाराचे उघड प्रसंग आहेत. आठवीतल्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून ते नको.

खालच्या मजल्यावरच्याने 'एरागॉन' मात्र अकरा दिवसांत संपवलं. त्यात एक प्रसंग आहे. एरागॉन पिल्लाला नाव सुचवत जातो, एकही पसंत पडत नाही, मग उशिरा त्याच्या लक्षात येतं की आपण फक्त पुरुषांची नावं घेतोय. मादी आहे ती, नाव ठरतं साफिरा. याने पार्किंगमधल्या मांजराला लगेच साफिरा म्हणायला सुरुवात केली. महिन्याभराने वॉचमनकाकांनी सांगितलं, बोका आहे.