रिसेल फ्लॅटचा ऑडिट रिपोर्ट खराब निघाला: भाव पाडून घ्यायचा, थांबायचं की सोडायचा?

मुंबईत जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट आवडला, लोकेशन मस्त, आणि टोकन द्यायच्या आधी पार्किंगमधल्या कॉलमला उभे तडे दिसले. अशा वेळी ब्रोकरचं ऐकू नका, सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. मॉडेल बायलॉजप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, त्यामुळे "आमच्याकडे नाहीये" हेही एक उत्तरच आहे. रिपोर्टात कॅटेगरी असते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ किरकोळ.

भाव पाडून घ्यायचा तर सी-२बी किंवा सी-३ मध्येच. पण लोक काय करतात, बेडरूमच्या स्लॅबचं प्लास्टर पडलंय म्हणून चार-पाच लाख कमी करून घेतात आणि खूश होतात, अरे पण कॉलम-बीम काही एकट्याच्या फ्लॅटचे नसतात, ते सोसायटी करणार आणि प्रत्येक मेंबरकडून कॉन्ट्रिब्यूशन घेणार. म्हणून घासाघीस करण्याआधी रिपेअर फंड, सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी सोसायटीने साठवलेली गंगाजळी) आणि थकबाकीदार किती ते बघा. आणि जनरल बॉडीचे मिनिट्स वाचाच, कारण कधीकधी दुरुस्तीचा ठराव झालेला असतो पण मेंबरकडे पैशांची मागणी निघालेली नसते, मग विकणाऱ्याच्या एनओसीत ड्यूज शून्य आणि फ्लॅट तुमच्या नावावर झाला की बिल तुम्हाला. हा खर्च कोणाचा ते अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या.

रिपेअर होईपर्यंत थांबलात तर भाव चढणार हे नक्की, पण बिल किती आलं ते समोर असतं, इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मिळतं, आणि बँकही कमी कटकट करते. होम लोन घेणाऱ्याने मला विचारलं तर मी हेच सांगेन. फक्त नुसत्या बाहेरच्या रंगाला रिपेअर समजू नका, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, गळती चालू असेल तर वरून कितीही पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) मारा, पुन्हा फुटणार.

सी-१ वाला "रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" म्हणून विकतात. रोख पैसे आणि राहायला दुसरं घर असेल तर बघा बुवा, नाहीतर सरळ सोडा. पालिकेची नोटीस आली की बाहेर पडायचं, आणि बिल्डरचं भाडं सुरू होतं ते त्याच्याशी करार झाल्यावर, तोपर्यंत स्वतःच्या खिशातून. सी-२ए मध्येही घर रिकामं करावं लागतंच, तेव्हा तिथेही हाच हिशोब.

नव्या बिल्डिंगची गोष्ट वेगळी. रेराच्या, म्हणजे घर खरेदीदारांसाठीच्या रिअल इस्टेट कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत स्ट्रक्चरल दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, तिथे भाव पाडण्यापेक्षा लेखी तक्रार जास्त कामाची.