कंपोस्टची बादली: आठ महिन्यांनंतर (आणि तिसऱ्या तोटीनंतर)

काल रात्री बाल्कनी पुसताना बादलीची तोटी हातात आली. फडक्याचा जरासा धक्का लागला असेल, इतकंच. सवयीने मी पाय मागे घेतले, "अहो, पोतेरं आणा!" म्हणून ओरडले आणि वाट बघत बसले. भोकातून एक थेंबही आला नाही. हे पोतेरं घेऊन आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि "कशाला बोलावलंस?" विचारून परत गेले. म्हणून आज हे लिहायला घेतलंय.

बादली सगळ्यांना माहीत असलेल्या प्रकारातलीच आहे, स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून खत करायची. पंचवीस लिटरच्या दोन, आलटून पालटून भरायच्या. आत जाळीचा खोटा तळ, त्याखाली पाणी साचायला जागा आणि त्या जागेला ही तोटी. माहितीपत्रकावर सर्वात मोठा फोटो कोणाचा, तर तोटीचाच. त्यातून सोनेरी धार पडतेय आणि खाली लिहिलंय 'द्रवरूप खत'. खरं सांगते, त्या धारेला भुलूनच मी ही घेतली. नाहीतर घरात तळाला भोकं पाडलेली जुनी बादली होतीच.

तिसऱ्या आठवड्यात पहिली तोटी गळायला लागली. आतला वायसर इतका पातळ की नख लावलं तर वाकतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली, चार दिवस टिकली. मग फोन. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही तोटी जास्त फिरवली असेल." तोटी फिरवायचीच असते ना? पुढे म्हणाला, "वॉरंटीत प्लास्टिकचे भाग येत नाहीत." मी म्हटलं, "अहो, अख्खी बादली प्लास्टिकची आहे. मग वॉरंटी कशाची दिलीत, आतल्या हवेची?" त्यावर त्याने फोन होल्डवर टाकला. बावीस दिवसांनी दुसरी तोटी आली. ती गळली नाही, तुंबली. आतला लगदा जाळीतून खाली उतरून तोटीच्या तोंडाशी बसायचा. रोज विणायच्या सुईने ते तोंड मोकळं करायचं हा दोन महिने माझा सकाळचा पहिला उद्योग होता.

आणि ते द्रवरूप खत! काळपट, आंबूस, जवळ गेलं की डोळ्यांत पाणी. पहिल्या वेळी उत्साहाने तसंच्या तसं मिरचीच्या रोपाला घातलं, तर आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. पत्रकात अगदी बारीक अक्षरांत 'एकास दहा पाणी मिसळावे' असं होतं, ते नंतर दिसलं. पण मुळात ते खतच नव्हे. अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा पाझर आणि पूर्ण तयार कंपोस्ट पाण्यात भिजवून केलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाझरात क्षार आणि आम्लं भरपूर असतात, रोगजंतूही असू शकतात. कंपनीने दोन्हींना एकच नाव दिलंय.

इथवर लिहिलं असतं तर मी पाचपैकी एकच तारा दिला असता. चौथ्या महिन्यात तसं लिहूनही ठेवलं होतं, पाठवायचं राहिलं.

झालं असं की एकदा झाकण उघडलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं. कुजायला हवा लागते. ओला कचरा एकमेकांवर दबून बसला, मधली हवा संपली की हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि तो वास येतो. कचराभूमीवर ढिगाखाली हेच चालतं. तिथून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीस पट तापवतो. पर्यावरणासाठी म्हणून आणलेल्या बादलीत मी कचराभूमीच पाळली होती, बाल्कनीच्या आकाराची.

मग वाचायला बसले. मूळ हिशेब सोपा आहे. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. भाजीच्या सालीदेठांत तो पंधरा-वीसच असतो, वाळलेल्या पानांत चाळीस ते ऐंशी. म्हणजे पाचोळा किंवा पुठ्ठा घातल्याशिवाय गणित जुळत नाही. आकारमानाने बघितलं तर एक वाटी ओल्याला एक ते दोन वाट्या सुकं. पत्रक काय सांगतं? 'रोज एक मूठ कल्चर पावडर भुरभुरावी.' म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची भुकटी. एक मूठ! मी रोजचा कचरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, सहाशे ग्रॅमच्या आसपास भरला. सालींचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पाणीच असतो. ते पाणी एका मुठीत कसं मुरणार? ते तोटीकडेच जाणार. आणि पावडर संपली की त्यांचंच पुढचं पाकीट मागवायचं. कुजवणारे जिवाणू सालींवर आणि पाचोळ्यावर आधीच असतात. अगदीच वाटलं तर मागच्या खेपेचं तयार खत मूठभर टाकावं. पाकीट मी तेव्हापासून घेतलेलं नाही.

पाचोळा मिळाला बागेत. तिथले माळीकाका रोज सकाळी पानं झाडून कोपऱ्यात ढीग लावतात. पूर्वी तो ढीग पेटवला जायचा आणि धूर आमच्या खिडकीत. मी एक पोतं मागितलं तर म्हणाले, "ताई, एक कशाला, चार न्या. माझं वाहून न्यायचं काम वाचतं." आता बाल्कनीत दोन पोती कायम असतात. घरात येणारी खोकी चिकटपट्टी काढून फाडते आणि तीही घालते. दुसरी तोटी ज्या खोक्यातून आली, ते खोकं त्या तोटीपेक्षा जास्त कामाला आलं.

पंधरा दिवसांत वास गेला. आता आठवड्यातून दोनदा उलथनं घालून खालवर करते आणि मूठभर घेऊन दाबून बघते. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाचोळा वाढवायचा, भुगा पडला तर पाणी शिंपडायचं.

पाचव्या महिन्यात अळ्या झाल्या. राखाडी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या, शेकड्यांनी. बादली खाली टाकून द्यावी असंच वाटलं होतं. त्या काळ्या सैनिक माशीच्या निघाल्या. या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांची मोठी माशी जवळजवळ काही खातच नाही, त्यामुळे ती स्वयंपाकघरात घोंगावत नाही, आणि जिथे या अळ्या असतात तिथे घरमाशीही फारशी फिरकत नाही. एकच खोड आहे. कोष करायची वेळ झाली की त्या कोरडी जागा शोधत बाहेर चालू लागतात. एका सकाळी सात-आठ जणी शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत पोचल्या. काकूंना समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला. त्यांनी अजून बादली घेतलेली नाही, पण साली मात्र मला आणून देतात. चिलटांचा त्रास मात्र आहेच. वरून पाचोळ्याचा जाड थर दिला की कमी होतो, जात नाही.

खताविषयी. आतापर्यंत चार खेपा निघाल्या. एक बादली भरायला सहा आठवडे लागतात आणि तेवढेच मुरायला. पहिली खेप चिकट लगद्यासारखी निघाली, ती पुन्हा पाचोळ्यात मिसळून मुरवावी लागली. बाकीच्या तीन चहाच्या चोथ्यासारख्या रवाळ, काळ्या, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. चारही मिळून एकवीस किलो भरलं, चाळणीवर राहिलेल्या कोयी आणि काड्या वगळून. कुंड्यांना पुरून उरलं, दोन पिशव्या माळीकाकांना दिल्या. एक लक्षात ठेवा, एवढ्याशा बादलीत बियाणं मरत नाही. मोठा ढीग साठ अंशांच्या पुढे तापतो. माझ्या बादलीत मी तापमापी खुपसून बघितली, चव्वेचाळीसच्या वर कधी गेली नाही. त्यामुळे गुलाबाच्या कुंडीत यंदा टोमॅटोची बारा रोपं उगवली. चार ठेवली आहेत.

तर तोटीकडे परत. दोन महिन्यांपूर्वी दुसरीचा आटा गेला. पुन्हा फोन, पुन्हा "जास्त फिरवली असेल", पुन्हा वाट बघणं, आणि तिसरी आली. पण तोवर पाचोळ्याचं प्रमाण जमलं होतं. लावल्यापासून तिच्यातून जेमतेम अर्धी वाटी पाणी आलं असेल. काल ती तुटली आणि आत कोरडं ठणठणीत होतं. बादली नीट चालवली तर तोटी लागतच नाही. ती गळतेय, तुंबतेय, तिच्यातून धार येतेय, याचा अर्थ आत सुकं कमी पडलंय. हे चार ओळींत पत्रकात छापता आलं असतं. पण मग तो सोनेरी धारेचा फोटो कुठे छापणार?

बादली चांगली आहे. झाकण घट्ट बसतं, हवेची भोकं योग्य जागी आहेत, जाळी मजबूत आहे. पाचपैकी चार तारे. एक तोटीसाठी कापलाय, आणि तो मी परत देणार नाही.

तोटीच्या भोकावर जुन्या चहाच्या गाळणीची जाळी आतून बसवून टाकली आहे. हवा आत जाते, अळ्या बाहेर येत नाहीत. आज सकाळी तक्रार मात्र नोंदवलीच. चौथी तोटी पाठवतो म्हणालेत. मला ती नको आहे, पण सोडणारही नाही. भाज्या धुतलेलं पाणी साठवायची एक जुनी बादली आहे, तिला भोक पाडून ठेवलंय.