खांडसहून भीमाशंकर: शिडी घाट की गणेश घाट?

भीमाशंकरला मुंबईकर बहुतेक गाडीनेच जातात. कोकणातून, कर्जतजवळच्या खांडस गावातून चढून जाणारे त्या मानाने थोडेच. या चढाईला दोन वाटा आहेत.

शिडी घाट जवळचा आणि अंगावर येणारा. कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या चढायच्या आणि मधल्या आडव्या टप्प्यात खोबणीत बोटं रुतवून, पोट कातळाला टेकवून सरकायचं. पाठीवरची सॅक तिथे नेमकी बाहेर ओढते, त्यामुळे सॅक लहानच हवी. कोरड्या दिवसांत, सोबत एखादा अनुभवी गडी असेल तर मजा आहे. पावसात मात्र ही वाट नकोच: कातळ शेवाळतो, शिड्या निसरड्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी मागून रांग लागली की परत फिरणंही अवघड.

गणेश घाट लांबचा. वाटेत गणपतीचं देऊळ, पदरगडाचे सुळके, मागे कोथळीगडाचं टोक. पाय दुखतात, जीव टांगणीला लागत नाही. नजाऱ्याचं म्हणाल तर माझं मत गणेश घाटालाच. शिडी घाटात डोळे पायाखालीच अडकतात!

दोन्ही वाटा वर पदरच्या पठारावर एकत्र येतात. तिथून पुढची जंगलातली चढण दोघांनाही सारखीच दमवते. शेकरू दिसलं तर नशीब.

हिवाळ्यात शिडीने चढून गणेश घाटाने उतरा, उलट नको. पावसाळ्यात घाटवाटांवर बंदी येऊ शकते, निघण्याआधी चौकशी करा. आणि परतीची शेवटची एसटी गृहीत धरू नका, कर्जतपर्यंतची गाडी सकाळीच ठरवून ठेवा.