जेक्यू १.८.१ : काही महिने रोज वापरल्यावर

आमच्या टीमचं काम सांगायला सोपं आहे. बाहेरच्या भागीदारांकडून येणारा जेसन (मजकूर रूपातला रचनाबद्ध डेटा) रात्री उतरवून घ्यायचा, स्वच्छ करायचा आणि डेटाबेसमध्ये भरायचा. यातला बराचसा भार जेक्यू या जेसन गाळण्या-बदलण्याच्या कमांड-लाइन साधनावर, म्हणजे त्यात लिहिलेल्या लहान लहान फिल्टरवर (छोट्या प्रोग्रॅमवर) असतो. १.७.१ सोडून १.८.१ वर सगळी मशीन्स आणली त्याला आता बरेच महिने झाले. हा बदल आम्ही नव्या फंक्शनसाठी केला नाही, मेमरीच्या चुकांवरचे पॅच मिळावेत म्हणून केला. म्हणून हा अनुभवही त्याच अंगाने लिहितोय.

जेक्यू सी भाषेत लिहिलेलं आहे. स्टीफन डोलन यांनी ते २०१२ साली आणलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये १.६ आली आणि त्यानंतर थेट सप्टेंबर २०२३ मध्ये १.७. मधली जवळजवळ पाच वर्षं नवी आवृत्तीच नव्हती. २०२३ मध्ये प्रकल्प जेक्यूलँग या सामायिक संस्थेखाली गेला, देखभाल करणारे अनेक हात मिळाले आणि गूगलच्या ओएसएस-फझवर (वेडावाकडा इनपुट देऊन चुका शोधणारी सेवा) त्याची सतत चाचणी होऊ लागली. त्यानंतर सीव्हीई (सुरक्षेच्या चुकांच्या क्रमांकित जाहीर नोंदी) वाढलेल्या दिसतात, पण त्यावरून साधन बिघडलं असा अर्थ काढणं मला अन्यायाचं वाटतं. शोधणारे आले म्हणून चुका सापडल्या, आणि सापडल्या म्हणून बुजल्या.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो आकड्यांच्या प्रश्नावर. १.६ मध्ये प्रत्येक आकडा डबल (मर्यादित अचूकतेचा दशांश प्रकार) व्हायचा, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९३ हा ग्राहक क्रमांक आत गेला की बाहेर येताना शेवटी ३ ऐवजी २ यायचा. १.७ ने यासाठी डेसनंबर ही अचूक आकड्यांची लायब्ररी आत घेतली आणि गणित केलं नाही तर आकडा जसाच्या तसा राहू लागला. आमच्यासारख्यांना ही सोय फार मोलाची आहे. पण मेमरीच्या गंभीर चुकाही याच वाटेने आल्या. डिसेंबर २०२३ च्या १.७.१ ने बुजवलेल्या दोन्ही सीव्हीई, २०२३-५०२४६ आणि २०२३-५०२६८, डेसनंबरशी संबंधित होत्या. पहिलीत हीप या मेमरीच्या भागातला बफर (ठरावीक आकाराची जागा) ओलांडला जात होता, दुसरीत स्टॅक या भागातला. तरी २०२४-५३४२७ उरलीच होती. 'नॅन'ला ('आकडा नाही' अशी खास किंमत) चिकटून लांबलचक अंक आले, --स्लर्प (सगळा इनपुट एकत्र वाचण्याचा पर्याय) लावलेलं असलं आणि फिल्टरमध्ये वजाबाकी असली, की स्टॅकवर हद्दीबाहेर लिहिलं जायचं. १.८.० मधला उपाय मला आवडला. नॅनला चिकटलेले अंक पार्सर (इनपुट वाचणारा भाग) आता वाचतानाच नाकारतो. त्या अंकांचा उपयोग कुणाला होता, हे मला आजवर दिसलेलं नाही.

ही चूक आम्ही सगळ्यात वर ठेवली, कारण तिला चालना देणारा मजकूर डेटामधून येऊ शकतो. फिल्टर आम्ही लिहितो, डेटा आम्ही लिहीत नाही. उलट २०२४-२३३३७ पाहा. यादीत २१४७४८३६४७ या इंडेक्सवर (क्रमांकाच्या जागी) किंमत ठेवली की पूर्णांकाची मर्यादा ओलांडली जायची आणि प्रोसेस पडायची. पण तो इंडेक्स कुणीतरी फिल्टरमध्ये द्यायला हवा. आमच्याकडे फक्त एका स्क्रिप्टमध्ये इंडेक्स डेटामधून घेतलेला होता, तेवढी एक तातडीने दुरुस्त केली आणि बाकीच्या नेहमीच्या अपडेटसोबत गेल्या.  माझं ठाम मत आहे की जेक्यूच्या बाबतीत आधी एवढंच विचारावं: चुकीपर्यंत डेटा पोहोचतो की फिल्टर?

आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका, हे वेगळं सांगायला हवं. डेबियन आणि उबंटू जुन्या आवृत्तीवरच पॅच मागे आणून लावतात. जेक्यूला आवृत्ती विचारली तर ते जुनाच आकडा सांगतं, खरं उत्तर पॅकेजच्या शेपटातल्या क्रमांकात आणि त्याच्या चेंजलॉगमध्ये असतं. शिवाय १.६ जुनी असली तरी तिच्यात डेसनंबरच नाही, त्यामुळे वरच्या डेसनंबरच्या तीन चुका तिला लागू होत नाहीत. खरा धोका वेगळ्याच जागी निघाला. कंटेनर इमेजमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या तयार गाठोड्यात) कुणीतरी कधीकाळी थेट डाउनलोड करून ठेवलेली जेक्यूची बायनरी. पॅकेज मॅनेजरला ती माहीतच नसते, म्हणून अपडेट कितीही चालवले तरी ती तशीच राहते. प्रत्येक इमेजमध्ये शिरून शोध घेणं हे या सगळ्यातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात गरजेचं काम होतं.

१.८.० जून २०२५ मध्ये आली आणि तिच्यातच स्ट्रफ्टाइम या तारखा सजवणाऱ्या फंक्शनच्या कोडमध्ये मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक होती, सीव्हीई २०२५-४९०१४. महिन्याभरात १.८.१ आली. आम्ही ते फंक्शन सर्रास वापरतो, तेव्हा १.८.० वर थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

बदल करण्याआधी जुन्या फाइलींवर दोन्ही आवृत्त्या चालवून निकाल ताडून पाहिले. दोन फरक हाती लागले, आणि दोन्ही रिलीज नोट्समध्ये लिहिलेले आहेत. 'लास्ट'ला (शेवटची किंमत देणारं फंक्शन) रिकामा प्रवाह दिला तर पूर्वी नल (रिकामी किंमत) मिळायचा, आता काहीच मिळत नाही. ऑब्जेक्ट बांधताना असं झालं की ती अख्खी नोंद गळते, म्हणून तिथे '// नल' जोडावं लागलं. दुसरा फरक मराठी डेटावाल्यांच्या फायद्याचा. मजकुरात जागा शोधणारं 'इंडेक्स' पूर्वी बाइट मोजायचं आणि तुकडा कापणारं स्लाइस मात्र कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह). 'पुणे शहर' यातल्या मोकळ्या जागेचा इंडेक्स १.७.१ मध्ये १२ यायचा, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट खातो. तो आकडा स्लाइसला दिला की 'पुणे' ऐवजी पूर्ण 'पुणे शहर' परत मिळायचं. आता उत्तर ४ येतं आणि कापही बरोबर बसतो. गावांची नावं तोडताना 'इंडेक्स' टाळून 'स्प्लिट'चे द्राविडी प्राणायाम ज्यांनी केलेत त्यांना याचं मोल कळेल. वेगात मला फरक जाणवला नाही.

गो भाषेतलं गोजेक्यू आणि रस्टमधलं जॅक हे पर्यायही पाहिले. मेमरीच्या अशा चुकांपासून तिथे भाषाच बरंचसं संरक्षण देते. पण गोजेक्यू ऑब्जेक्टमधल्या कींचा मूळ क्रम राखत नाही, आणि आम्ही कॉन्फिग फाइलींचे फरक गिटमध्ये बघतो, त्यामुळे ते तिथे चालण्यासारखं नव्हतं. जॅकवर आमचे सगळे फिल्टर अजून तपासून झालेले नाहीत. तोवर बाहेरून आलेला डेटा वाचणारं जेक्यू वेगळ्या युजरखाली चालतं. त्याला नेटवर्क नाही, मेमरीला मर्यादा आहे, आणि लिहिण्याची परवानगी एकाच फोल्डरपुरती आहे.