उच्चार शिकवणारं ॲप: शब्द तोडतं मस्त, जोर कुठे ते सांगत नाही

भाची मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला एका कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून द्यायची होती आणि पाहुणे नेमके कान-नाक-घशाचे डॉक्टर, अशा डॉक्टरांसाठीचा लांबलचक इंग्लिश शब्द, ओटोरायनोलॅरिंगॉलजिस्ट, आला की ती अडकायचीच. म्हणून हे ॲप घेतलं, तेव्हापासून 3 महिने वापरतोय.

आधी चांगलं सांगते. शब्द टाकला की सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, सुटे करून देतं. ओ-टो-राय-नो-लॅ-रिंग-गॉ-ल-जिस्ट. स्पेलिंगमध्ये 21 अक्षरं पण तोंडाला तुकडे फक्त 9, असं मोकळं दिसलं ना की निम्मी भीती तिथेच जाते, आणि मग लक्षात येतं की ओटो म्हणजे कान, रायनो म्हणजे नाक, लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र, ग्रीक तुकडे एकाला एक जोडलेत बस. स्लो बटणही छान आहे.

पण जोर कुठे द्यायचा ते कुठेच दाखवत नाही आणि खरी गोम तिथेच आहे!! मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने बोलतो, त्यामुळे भाचीने 9 च्या 9 तुकडे बरोबर म्हटले तरी ऐकणाऱ्याला शब्द कळेना. मुख्य जोर 'गॉ'वर हवा, आणि त्याच्या पुढचा 'ल' एकदम हलका. आपण बायॉलॉजी म्हणतो ना, तिथेही तेच, पहिल्या ऑ वर जोर आणि पुढे नुसतं लजी. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर असतो, फोटोग्राफी म्हटलं की तो दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार फटॉग्रफी होतो. हे ॲपने सांगायला नको का?

अजून एक, कम्फर्टेबल टाकून बघा, स्क्रीनवर 4 तुकडे आणि आवाजात 3 च, कम्फ-ट-बल. छापताना ओळीच्या शेवटी शब्द तोडतात तो हिशोब वेगळा आणि बोलताना तुटतो तो वेगळा, इथे दोन्हीची सरमिसळ झालीये.

शेवटी आम्ही मागून सुरुवात केली. जिस्ट, लजिस्ट, गॉलजिस्ट, रिंगगॉलजिस्ट, असं दरवेळी पुढे एक तुकडा लावत गेलो, म्हणजे शेवट सगळ्यात जास्त वेळा म्हटला जातो आणि जोराची जागा आपोआप तोंडात बसते. चौथ्या दिवशी तिने अख्खा शब्द एका दमात म्हटला, मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

5 पैकी 3 स्टार. जोराचा तुकडा नुसता ठळक करून दाखवला तरी लगेच 5 करेन.