टीव्हीवर सरकता पट्टा: नवी वायर घ्यावी की आयसोलेटर?

आमच्याकडे सेट टॉप बॉक्सचं चित्र लाल-पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरीने टीव्हीवर यायचं, आवाज होम थिएटरला. एक रुंद फिकट पट्टा सावकाश वर सरकत राहायचा, आणि सबवूफर सतत घूं करायचा. दुकानदाराने सोनेरी पिनांची जाडजूड एव्ही वायर गळ्यात मारली. पट्टा जागच्या जागी.

मग फुकटचा प्रयोग केला. बॉक्सचा मेनू स्क्रीनवर ठेवला आणि केबलवाल्याची वायर पिळून काढली. पट्टा गायब, सबवूफर चिडीचूप. हा प्रयोग करण्याआधी पाकिटाला हात लावू नका.

केबलची बाहेरची जाळी इमारतीत कुठेतरी अर्थला टेकलेली असते, तीन पिनांचा अ‍ॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगला. दोन्हींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की ५० हर्ट्झचा प्रवाह वायरींच्या जाळीतून फिरतो. चित्रही सेकंदाला ५० वेळा रेखाटलं जातं, पण वीज नेमकी ५० वर नसते, म्हणून पट्टा सरकतो.

अशा वेळी केबलवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटरच घ्यावा. सिग्नल जातो, धातूचा सलग जोड तुटतो. केबलवाला त्याऐवजी स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन-तीन शाखा करणारी डबी, देऊ करतो. त्याची धातूची बॉडी सगळ्या केबलींच्या जाळ्यांना जोडलेलीच असते, उपयोग शून्य. मात्र छतावर डिश असेल तर आयसोलेटर नको. त्याच वायरीतून बॉक्स डिशला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, ते अडले की चॅनेलच बंद. तिथे इलेक्ट्रिशियनकडून डिशच्या वायरीची जाळी घराच्याच अर्थिंगला जोडून घ्यावी.

एचडीएमआयवर गेलात तर पट्टा जाईल, घूं मात्र राहू शकतो, कारण त्या वायरीलाही जाळी असतेच. टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आवाज प्रकाशातून नेणारी ऑप्टिकल वायर टाकली तर तेवढा जोड तुटतो. मात्र डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, हवा असेल तर ती पुरत नाही.

नव्या एचडीएमआय वायरीवर पैसे घालायचे ते वेगळ्या लक्षणांना: पांढरे ठिपके चमकणं, स्क्रीन क्षणभर काळी होणं, तेही फोर-के ६० हर्ट्झवर. त्याला १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट) पेलणारी वायर लागते. दोन-तीन मीटरपर्यंत साधी, प्रमाणित वायर भरपूर झाली. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर जायचं असेल तर फायबरवाली घ्या, पण तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक बॉक्सकडे. भिंतीत उलटी गाडून बसलेले लोक मी पाहिलेत.

चौकोनी ठोकळे पडून चित्र थिजत असेल तर दोन्ही खरेद्या वाया. ढिला एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची पिळून बसवायची पिन) किंवा गंजलेला स्प्लिटर बघा.

आणि कुणी अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ पिन कापायला सांगितली, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घूं थांबतो खरा, पण आत वायर सुटली की २३० व्होल्ट पत्र्यावर उभे असतात.